पारलिंगी स्त्रियांचा आवाज आणि आपले कर्तव्य



कंठाच्या तक्रारी घेऊन आपल्याकडे येणाऱ्यांत गायक, शिक्षक, कीर्तनकार आणि वकील यांचा भरणा नेहमीचाच. त्यांत आता आणखी एका वर्गाची भर पडते आहे. जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी स्त्रिया ‘आवाज बायकी होण्यासाठी काही औषध आहे का?’ असे विचारीत दवाखान्यात, किंबहुना थेट औषधालयात येतात. या प्रश्नाला आपण कोणते उत्तर देतो, यावर त्या व्यक्तीचा कंठ आणि आपल्या शास्त्राची पत ही दोन्ही अवलंबून आहेत.

प्रथम हा प्रश्न हौसेचा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतच बोलणाऱ्याची ओळख उघड होते. ‘मी बोलते आहे’ असे दूरध्वनीवर म्हणणाऱ्या स्त्रीला पलीकडून ‘बोला साहेब’ असे उत्तर मिळाले, की एका वाक्यात तिची ओळख नाकारली जाते. रिक्षात, बँकेत, भाड्याचे घर शोधताना आवाजामुळे नको ते लक्ष वेधले जाते आणि प्रसंगी जिवावरही बेतते. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात मान्य केला. पण निकालाने आवाज बदलत नाही. तो ज्याचा त्यालाच घडवावा लागतो.

आता शरीररचनेकडे वळू. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाने स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज फुटतो. पुढे इस्ट्रोजेन घेतल्याने त्वचा, स्तन, मेदाची ठेवण यांत पालट होतो. मात्र एकदा वाढलेले स्वरयंत्र लहान होत नाही. जे काम संप्रेरकाने होत नाही, ते काढ्याने वा वटीने होईल असे सांगण्यास कोणताही आधार नाही.

तरीही आवाज बदलतो, आणि तो सरावाने बदलतो. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतूंची कंपने साधारणतः सेकंदाला १०० ते १३०, तर स्त्रीच्या बोलण्यात १८० ते २२० असतात. परंतु केवळ पट्टी चढविल्याने स्त्रीचा आवाज होत नाही. नक्कल केल्यासारखा पोकळ, चिरका स्वर निघतो. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषांत सुमारे १७ सेंटिमीटर, तर स्त्रियांत १४ ते १५ सेंटिमीटर लांब असते. त्यामुळे घुमारा वेगळा ऐकू येतो. जिभेची ठेवण पुढे आणणे, स्वरयंत्र ताण न देता किंचित वर राखणे, श्वास नियंत्रित सोडणे, वाक्यातील चढउतार बदलणे, अशा सरावाने हा घुमारा पालटता येतो. प्रथम गुणगुणणे, मग एकेक स्वर, शब्द, वाक्य आणि शेवटी मोकळे संभाषण अशी त्याची चढण आहे. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकणे हा यातील मोठा गुरू. एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटे पुरेत; फळ मात्र महिन्यांनी दिसते. पट्टी वाढविणारी शस्त्रक्रिया उपलब्ध असली, तरी ती घुमारा आणि बोलण्याची ढब बदलत नाही. तिच्यानंतरही सराव चुकत नाही.

मराठी रंगभूमीला ही गोष्ट नवी नाही. स्त्रीपार्टी नटांनी रियाजाने स्त्रीचा आवाज कमावला होता. फरक इतकाच की, नटाचा आवाज वेशाबरोबर उतरत असे. येथे तो अहोरात्र जगायचा असतो. म्हणूनच ओढूनताणून केलेला सराव येथे अधिक बाधतो.

आपल्या शास्त्रात वाक्प्रवृत्ती हे उदान वायूचे कर्म मानले आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात स्वरभेदाचे सहा प्रकार सांगितले आणि त्याच्या कारणांत अतिउच्च भाषणाची गणना केली. चरकाने ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्षा, विदारी, कंटकारी आदी दहा कंठ्य द्रव्ये एकत्र दिली. ही सारी योजना बिघडलेला स्वर प्रकृतिस्थ करण्यासाठी आहे. पारलिंगी स्त्रीचा स्वर बिघडलेला नसतो. तिला तो निराळा हवा असतो. तिच्यावर स्वरभेदाचे निदान लादणे हा निदानाचाच दोष होय. परंतु चुकीच्या सरावाने तिला खरोखरच स्वरभेद होऊ शकतो, आणि तेथे आपले काम सुरू होते. बोलताना वेदना, सायंकाळी आवाज बसणे, सतत घसा खाकरणे ही अतियोगाची लक्षणे होत. अशा वेळी विश्रांती, पुरेसे पाणी, जागरण, तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करणे, आम्लपित्ताचा उपचार आणि सौम्य कंठ्य औषधे यांचा लाभ होतो. आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला, किंवा रक्त पडणे, गिळण्यास त्रास अशी लक्षणे दिसली, तर घशाच्या तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.

औषधालयाच्या मालकांना स्वतंत्र विनंती. ‘हे घ्या, महिनाभरात आवाज गोड होईल’ असे सांगून डबी पुढे सरकवू नये. ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटते. पण जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. अनेक पारलिंगी स्त्रिया संप्रेरकांसोबत स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे घेत असतात, ज्यांचा पोटॅशियमशी थेट संबंध आहे. तेव्हा चालू औषधांची विचारपूस केल्यावाचून काही देऊ नये. औषधाविषयी खोटा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही स्मरणात असावे.

काही सहकारी म्हणतील, आपण नाही म्हटले तर हे रुग्ण भोंदूंकडे जातील. ही भीती रास्त आहे. पण ‘औषध नाही’ एवढे बोलून दार लावून घ्यावे, असे येथे सुचविलेले नाही. खरे काय ते सांगावे, सरावाची दिशा दाखवावी आणि वाक्-उपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. खेड्यापाड्यांत असा तज्ज्ञ जवळ नसतो. तेथे भ्रमणध्वनीवरून एकटीनेच शिकणाऱ्या स्त्रीला तिच्या कंठाकडे लक्ष देणारा एक जाणकार वैद्य लाभला, तरी मोठा आधार होईल. तिने सांगितलेल्या नावाने तिला हाक मारावी आणि ‘ताई, बसा’ म्हणावे. याला औषधाइतकेही मोल पडत नाही.

आपल्या संघटनेने जिल्हावार वाक्-उपचारतज्ज्ञांची यादी सभासदांना पुरवावी आणि पुढील निरंतर शिक्षणवर्गात या विषयावर एका तज्ज्ञाचे व्याख्यान ठेवावे, अशी नम्र सूचना करतो.