व्यवहार आणि विवेक : भाड्याच्या घरावर खर्च किती व कशावर?

व्यापारी कुटुंबात पेढीच्या जोडीला एखादी सदनिका भाड्याने दिलेली असते. भाडेकरू घर सोडतो आणि सुधारणांचा विषय निघतो. दुकानात एकेक नग पारखून घेणारा गृहस्थ येथे मात्र स्वतःच्या आवडीने खर्च करू लागतो. घर आपल्याला राहायचे नाही, याचा त्याला विसर पडतो.

असा खर्च मुख्यतः दोन वाटांनी परत येतो : वाढलेले भाडे आणि घर रिकामे राहण्याचा कमी झालेला काळ. समजा, १८,००० रुपये भाड्याच्या घरात दोन लाखांचे फॉल्स सीलिंग केले आणि भाडे हजाराने वाढले. वर्षाकाठी १२,००० रुपये. मुद्दल वसूल व्हायलाच सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. उलट ३६,००० रुपयांत रंग, नळ व दारे-खिडक्या नीट करून घर दोन महिने आधी भाड्याने गेले, तर तेवढ्यातच खर्च निघाला.

म्हणून क्रम ठरवावा. प्रथम गळती, न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, वायरिंग व अर्थिंग. मग स्वयंपाकाचा ओटा व फरशी. सजावट सर्वांत शेवटी. त्याच इमारतीत इतरांना मिळणारे भाडे ही खर्चाची मर्यादा समजावी.

कराचाही विचार हवा. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीवर किती खर्च झाला, याच्याशी तिचा संबंध नसतो. अधिक रंगरंगोटीने कर घटत नाही. नव्या बांधकामासारख्या भांडवली सुधारणेचा खर्च मात्र घर विकताना नफ्याच्या हिशेबात धरता येतो. त्यासाठी पक्की बिले जपावीत.

अखेरचा प्रश्न हिशेबापलीकडचा आहे. भिंतीतील ओल तशीच ठेवून वरून रंग चढवला, तर घर लवकर भाड्याने जाईलही. परंतु पहिल्याच पावसाळ्यात ओल वर येते आणि घरमालकाचा शब्द हलका होतो. पर्युषणात आर्जव धर्माचे चिंतन करणाऱ्या श्रावकाला हे शोभणारे नाही. मालातील खोट ग्राहकाला आधी सांगणारी पेढी पिढ्यान् पिढ्या टिकते. तोच नियम घरालाही लागू आहे : दोष झाकण्यावर नव्हे, दोष काढण्यावर खर्च करावा.