नॉमिनी, वारस आणि लाभार्थी

आयुर्विम्याच्या प्रस्ताव अर्जातला नॉमिनीचा रकाना आपल्यापैकी बहुतेक एजंट सर्वांत शेवटी आणि घाईत भरतात. "वारस कोणाला लावायचं?" असे विचारायचे, ग्राहक आईचे नाव सांगतो, ते लिहून सहीचे पान पुढे करायचे. मुळात वारस लावता येत नाही, तो वारसा कायद्याने ठरतो. आणि नॉमिनी पैशांचा नुसता स्वीकारणारा की धनी, हे तो ग्राहकाचा कोण लागतो यावर अवलंबून असते.

नॉमिनी हा रक्कम घेणारा हात आहे, मालक नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात दिला. वर्षानुवर्षे आपण तेच सांगत आलो. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याचे कलम ३९ बदलले. स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीत आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर ते आता लाभार्थी नॉमिनी, म्हणजे रकमेचे धनी. भाऊ, पुतण्या, मित्र यांना ही सवलत नाही. त्यांनी रक्कम घेऊन वारसांच्या हवाली करायची. पॉलिसी जुनी असली तरी ती दुरुस्तीनंतर देय झाली असेल, तर नवाच नियम लागतो.

आता आईचे नाव देणारा तो मुलगा घ्या. पुढे लग्न झाले, मूल झाले, रकाना तसाच राहिला. तो अचानक गेला, तर पूर्वीच्या नियमाने आई, पत्नी आणि मूल हे हिंदू वारसा कायद्याखाली समान वाटेकरी. कलम ३९ चा सरळ अर्थ लावला, तर सगळी रक्कम एकट्या आईची. दुरुस्तीनंतरही वारसांचा हक्क मान्य करणारे निकाल आहेत, हे खरे. पण सुनेला सासूविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागणार असेल, तर आपण विकले काय?

पैसा पत्नी-मुलांसाठीच राखायचा असेल, तर विवाहित पुरुषाने १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली पॉलिसी घ्यावी. धनकोंना फसवण्याचा हेतू सिद्ध झाला नाही, तर त्या रकमेला त्यांचा हात लागत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच ठरवावे लागते.

या महिन्यात हप्त्याची आठवण करून देताना प्रत्येक जुन्या ग्राहकाला नॉमिनीचे नाव वाचून दाखवा. नॉमिनी अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणारा अपॉइंटी नेमलेला आहे का, तेही पाहा. नाव बदलायचे असल्यास अर्ज शाखेत द्या आणि नोंद झाल्याची लेखी पोच ग्राहकाच्या हाती ठेवा.