घोडा का अडला?

आमच्या वर्गात शुक्रवारचा शेवटचा तास कोड्यांचा असतो. मागच्या श्रावणात मी एक जुनंच कोडं घातलं. भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच. प्रश्न पुरा व्हायच्या आत वर्ग ओरडला, "न फिरवल्यामुळे!"

सगळे हसले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गप्प होता. घंटा झाल्यावर तो टेबलाशी आला.

"बाई, घोडा नुसता अडत नाही. त्याचे पायपण सुजतात."

त्याच्या काकांच्या दोन घोड्या आहेत, लग्नाच्या वरातीसाठी. पण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्नं नसतात. म्हणजे घोड्यांना चार महिने सुट्टी! त्यात पाऊस धो धो कोसळत होता. चार दिवस घोड्या शेडमधून हलल्या नव्हत्या. आणि त्यातल्या पांढऱ्या राणीचे मागचे दोन्ही पाय खांबासारखे जाड झाले होते.

"गल्लीतले लोक म्हणतात, पाय गेलेला घोडा काय कामाचा? काका तिला विकून टाकतील का हो बाई?" त्याचे डोळे भरून आले.

खरं सांगू? मला काहीच सांगता येईना. आपल्या पुस्तकात 'घोडा गाडी ओढतो' एवढंच असतं. तो गाडी ओढत नाही तेव्हा त्याचं काय होतं, हे कुठे लिहिलेलं असतं? शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर गेले. काका सुतळी आणि फडकी घेऊन पाय करकचून बांधायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "काका, आधी डॉक्टरांना दाखवू या. मग काय बांधायचं ते बांधा."

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. सूज एका पायाला की दोन्ही पायांना? घोडी लंगडते का? चारा खाते का? मग पायावर हात फिरवून तो गरम लागतो का ते पाहिलं. अंगठ्यानं सूज दाबली, तर तिथे खळगा पडला आणि हळूहळू भरला. राणीनं पाय झटकला नाही, म्हणजे दुखत नव्हतं. ताप पाहिला. घोड्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८ अंश सेल्सिअस असतं, तेवढंच भरलं.

डॉक्टर हसून म्हणाले, "हिला औषध नको. हिला फिरायला न्या!"

असं का, ते त्यांनी समजावून सांगितलं. घोडा म्हणजे मधल्या बोटाच्या नखावर उभा राहणारा प्राणी! त्याचा खूर म्हणजे आपलं नख. पुढच्या पायाचा जो गुडघा आपल्याला वाटतो, ते खरं तर आपलं मनगट. त्याच्या खाली मांस जवळजवळ नाहीच, नुसती हाडं आणि दोरखंडासारख्या शिरा. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. घोड्याला खाली पोटरीच नाही. मग रक्त वर कसं चढणार?

त्याची युक्ती खुरात आहे. पाऊल जमिनीवर टेकलं की खुरावर दाब पडतो आणि आतलं रक्त वर ढकललं जातं. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपत असतं. ते परत नेणाऱ्या वेगळ्या नळ्या असतात. त्यातल्या पाण्याला लसिका म्हणतात. या नळ्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही, पाय हलले तरच त्यांचं काम नीट चालतं. रानातला घोडा चरत चरत दिवसभर चालतो. ठाणावर बांधलेला घोडा मात्र उभाच. झोपतोसुद्धा बराचसा उभ्यानं! मग पाणी खालीच साठतं.

तुमच्या आजीचंही असंच होतं ना? गणपतीला कोकणात जाताना रात्रभर एस.टी.त पाय खाली सोडून बसलं, की सकाळी चप्पल घट्ट होते.

काकांची आणखी एक चूक निघाली. काम बंद, पण चंदी चालूच! पूर्वी गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे, पण दाणा पूर्ण मिळे. मग सोमवारी पाय सुजलेले, अंग आखडलेलं. इंग्रज लोक त्याला सोमवार सकाळचा आजारच म्हणत. आपल्या मुंबईतही ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. विजेची ट्राम आली ती १९०७ साली. शहरात कामाची जनावरं किती असतील! परळला जनावरांचं मोठं रुग्णालय झालं, १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ती त्याच काळात.

डॉक्टरांनी सांगितलं: सकाळ-संध्याकाळ अर्धा तास हळू चालवा. चंदी कमी, गवत भरपूर, पाणी स्वच्छ. पायावर गार पाणी सोडा. पट्टी बांधायचीच तर खाली कापसाचा जाड थर हवा आणि बांधणारा माहीतगार हवा. सुतळीनं रक्तच अडेल. आणि एक नीट लक्षात ठेवा, एकच पाय सुजला, गरम लागला, दुखला, घोडी लंगडली किंवा तापली, तर फिरवू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा. तो निराळा आजार असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, लालबागच्या गल्लीत माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, काकांनी लगाम धरला आणि आमचा विद्यार्थी शेजारून चालू लागला. परत येईपर्यंत सूज निम्मी उतरली होती! पण दुपारी पुन्हा थोडी आली. तेव्हा त्याला कळलं, की हे एक दिवसाचं काम नाही. चातुर्मास संपेपर्यंत तो रोज गेला. त्याचा गृहपाठ दोनदा राहिला, मी रागावले नाही. काकांनीही राणीला विकायचं नाव काढलं नाही.

आता वर्गात ते कोडं निघालं, की उत्तर तोच देतो. आणि वर विचारतो, "पण का, ते माहीत आहे का?"

तुम्हाला आता माहीत आहे. एखाद्या लग्नात वरातीची घोडी दिसली, तर नवरदेवाकडे पाहून झाल्यावर तिच्या पायांकडेही एकदा नीट पाहा. आणि हो, दोन तास टीव्हीपुढे बसला असाल, तर आधी उठा आणि जरा चालून या बघू!