तह आधी, लढाई मागून

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’वर ॲमेझॉनने काढलेली मालिका तीन सीझननंतर २०२५ मध्ये बंद पडली. पडद्यावर शेवट आलाच नाही. तो ज्यांना हवा आहे त्यांनी ‘अ मेमरी ऑफ लाइट’ हा २०१३ मध्ये आलेला चौदावा, अखेरचा खंड हाती घ्यावा. नऊशे पानांच्या या पुस्तकाचं कौतुक होतं ते त्यातल्या महायुद्धासाठी. त्यातलं एक प्रकरणच दोनशेच्या आसपास पानांचं आहे. मला मात्र हा खंड मोठा वाटतो तो लढाईला तोंड फुटण्याआधीच्या एका बैठकीमुळे.

मेरिलोरच्या मैदानावर सगळे राजे-राण्या जमले आहेत. अंधाराच्या अधिपतीशी झुंजायचं आहे आणि ते बळ एकट्या नायकामध्ये, रँड अल्थोरमध्ये आहे. आपण यातून जिवंत परतणार नाही, अशी त्याची खात्री आहे. तो या मंडळींपुढे एक कागद ठेवतो. सरहद्दी आहेत तिथेच राहतील, कोणी कोणावर चाल करून जायचं नाही, यावर सह्या करा. नाहीतर मी लढणार नाही. जग बुडायला टेकलेलं असताना ही माणसं कलमांवर घासाघीस करतात, मानापमान काढतात. भविष्यातली आपल्या वंशजांची वाताहत आधीच पाहून आलेली अविएंडा आपल्या ऐयेल लोकांनाही तहात घ्या म्हणून हटून बसते, आणि तह पाळला जातो की नाही यावर नजर ठेवायचं काम शेवटी त्याच लढवय्या लोकांकडे येतं. जादूच्या कादंबरीत जादूचा स्पर्श नसलेला हा प्रसंग सर्वात थरारक आहे. याच मैदानावर पुढे प्रेतांचा खच पडतो.

जॉर्डन स्वतः व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर बंदूक चालवणारे सैनिक होते. १९९० पासून प्रसिद्ध होऊ लागलेली ही कथा पुरी होण्याआधीच २००७ मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडुगल यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली आणि मागे राहिलेल्या टिपणांवरून सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले. अखेरचा प्रसंग जॉर्डन आधीच लिहून गेले होते. हात बदलल्याचं जाणवतं. मॅट या पात्राचा सूर तर अनेकांना खटकला, मलाही. तरीही युद्ध संपल्यावर माणसं काय करतील, ही काळजी या पुस्तकाने सोडलेली नाही. रँड शत्रूला मारून टाकत नाही, त्याला पुन्हा कोंडून ठेवतो. वाईटाचा मागमूस नसलेलं जग त्याला दिसतं, तेव्हा त्यातली माणसं निवड करण्याची ताकदच हरवून बसलेली असतात.

मात्र या तहाची एक किंमत आहे, आणि ती या खंडात मला सलते. शॉनचॅन साम्राज्याची सही मिळाल्याशिवाय शांततेला अर्थ नाही, म्हणून रँड त्यांच्या सम्राज्ञीलाही राजी करतो. हे साम्राज्य जादू अवगत असलेल्या स्त्रियांच्या गळ्यात पट्टे घालून त्यांना युद्धात जुंपतं. त्या बायका गुलाम आहेत आणि शेवटच्या पानापर्यंत गुलामच राहतात. तहासाठी असा सौदा करावा लागतो, हे लेखकाने लपवलं नाही, इथवर ठीक. पण ज्यांच्या जिवावर तो झाला, त्यांचं म्हणणं ऐकायला पुस्तक थांबत नाही. रणधुमाळीच्या त्या दोनशे पानांतली वीस तरी या बायकांच्या वाट्याला यायला हवी होती.