निकाल रद्द, नव्वद मिनिटं कुणाची?

एपीएमसी मार्केटपासून नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम फार लांब नाही. २० जानेवारी २०२२ रोजी तिथे महिलांच्या आशियाई चषकात भारताने इराणला ०-० असं रोखलं. गोलरक्षक होती अदिती चौहान. इंग्लंडमध्ये शिकत असताना २०१५ साली वेस्ट हॅमच्या महिला संघातून खेळलेली हीच ती.

तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता. पण संघात करोना शिरला, नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता येईनात. यजमान भारत स्पर्धेबाहेर गेला, २०२३च्या विश्वचषकाची वाट तिथेच अडली आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द ठरला. हॉटेल, बस, तपासण्या यांतलं काय या मुलींच्या हातात होतं?

मार्केटमध्ये कांदा-लसूण निवडणाऱ्या बाईला हा हिशेब नवा नाही. ताप कुठूनही येवो, मजुरी तिचीच बुडते. सामना चार दिवस पुढे का ढकलला गेला नाही, हे आपण विचारायला हवं होतं. क्रिकेटच्या पुरुष संघाबाबत असं घडतं तर गल्लोगल्ली चर्चा झाली असती!

अदितीने जुलै २०२५मध्ये निवृत्ती घेतली. मायदेशात आशियाई चषक खेळण्याची संधी तिला पुन्हा मिळाली नाही.