गोड्या पाण्याचे मुद्दल

मुंबईतील अनेक जैन कुटुंबे वर्षातून एकदा तरी विरार स्थानकावर उतरून आगाशीला श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास जातात. पूजा, भोजनशाळेतील भोजन, थोडी विश्रांती आणि दुपारच्या गाडीने परतीचा प्रवास, असा हा ठरलेला क्रम असतो. मुलांचा आग्रह झालाच तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत तासभर बसणे होते. चर्चगेटपासून विरार साधारण ६० किलोमीटर. तेथून पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर आगाशी आणि त्याच्या पुढे समुद्र. रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना इमारतींची दाटी झाली असताना किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात अजूनही नारळ, केळी, पानवेली आणि कौलारू घरे दिसतात. येथील शांतता सर्वांनाच आवडते. ती कशाच्या आधारावर टिकली आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. एखाद्या पेढीची पत उत्तम दिसली की तिचे भांडवल कोठे गुंतले आहे हे पाहण्याची व्यापारी घराण्यांची जुनी सवय आहे. त्या सवयीने या गावांकडे पाहिले पाहिजे.

ही गावे पूर्वीपासूनच निवांत होती असा समज होतो. पण इतिहास निराळे सांगतो. जवळचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. पश्चिम किनाऱ्यावरील या मोठ्या बंदराचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही आहे. येथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. आगाशी हे जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांनी ते जाळले, यावरूनच त्याचे महत्त्व लक्षात येते. वैतरणेच्या मुखाशी असलेला अर्नाळ्याचा जलदुर्ग १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, व्यापार मुंबईकडे सरकला आणि गलबतांची गावे वाड्यांची गावे झाली. अशा रीतीने ही शांतता या गावांना व्यापार गेल्यानंतर लाभली, आणि मग शेतीने ती सांभाळली.

मुंबईची पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहूनच सुटली, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. म्हणजे महानगराशी या भागाचे दळणवळण दीडशे वर्षांहून जुने आहे. तरीही किनाऱ्याची गावे शहर झाली नाहीत, याचे एक कारण म्हणजे स्थानक किनाऱ्यापासून दूर, पूर्वेकडे पडले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या गावांना शहराची नोकरी हवी होती, तशी शहराची बाजारपेठही हवी होती. पहाटेच्या गाडीने भाजी, फुले, केळी आणि विड्याची पाने मुंबईच्या बाजारात जात आणि संध्याकाळी रोकड घरी येई. वाडवळ, सामवेदी, कुपारी, आगरी, कोळी अशा अनेक समाजांची बोली आणि रीतिरिवाज वेगवेगळे. पण वाडीवर जगणाऱ्यांच्या हिशोबाचा पाया एकच होता, तो म्हणजे विहिरीचे गोडे पाणी.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी लागते, याचे नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. त्याचे कारण साधे आहे. पावसाळ्यात येथे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी रेताड जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे जमिनीखाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर ते तरंगत राहते. या दोन पाण्यांचे प्रमाण डच अभियंता घायबेन आणि जर्मन अभ्यासक हर्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर सपाटीच्या खाली सुमारे चाळीस हातांपर्यंत गोडे पाणी असते. हा नियम उलट्या दिशेनेही तितकाच खरा ठरतो. अतिउपशाने वरची पातळी एक हात उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस हात वर चढू शकते. विहिरीत पाणी भरपूर दिसत असतानाच ती खारट होते ती यामुळे. ज्यांचा जन्म खतावणीत गेला त्यांना हे चटकन उमजावे. वरचा एक हात म्हणजे मुद्दलाचा दिसणारा भाग. त्याला हात लावला की न दिसणारे चाळीस हात बुडतात.

शास्त्राने हा नियम सांगण्यापूर्वीच वसईच्या शेतकऱ्याने त्यावर उपाय शोधलेला होता. त्याचे नाव बावखल. बावखल म्हणजे वाडीत मुद्दाम खणलेले उतरत्या काठांचे तळे. विहिरीप्रमाणे त्याला बांधीव भिंत नसते, कारण त्याचे काम केवळ पाणी साठवणे नव्हे, तर ते जमिनीत मुरू देणे हे आहे. पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरते, आसपासच्या विहिरींना हळूहळू पाणी देते आणि खाली दबा धरून बसलेल्या खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नाही. काठावरची झाडे माती धरून ठेवतात. पक्षी, कासवे, बेडूक त्याच्या आश्रयाने राहतात. परक्या माणसाला ते शेवाळलेले डबके वाटते. वाडीच्या मालकासाठी ती मुदत ठेव असते. दर पावसाळ्यात तिच्यात भर पडते आणि वर्षभर तिच्या व्याजावर केळी, पानवेल आणि भाजी उभी राहते.

या ठेवीला पूर्वी एक रखवालदार होता, तो म्हणजे रहाट. बैल किंवा रेडा जुंपून रहाटगाडग्याने पाणी काढले जाई. जनावर थकले की उपसा थांबे आणि तेवढ्या अवधीत विहीर पुन्हा भरे. विजेचा पंप आला तेव्हा कष्ट वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पंप थकत नाही. पुढे स्थानकालगत इमारतींच्या रांगा उभ्या राहू लागल्या आणि त्यांना नळाचे पाणी पुरेना. तेव्हा पश्चिमेच्या वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने तेथे विकले जाऊ लागले. विकणाऱ्याला केळीपेक्षा पाण्यात अधिक आणि रोख पैसा दिसत होता. मात्र जमिनीखालचे पाणी सातबाऱ्याच्या सीमा मानीत नाही. एकाने उपसले आणि शेजारच्या चौघांच्या विहिरी मचूळ झाल्या. नफा एकाच्या वहीत जमा झाला आणि तोटा साऱ्या गावाच्या नावे पडला.

या व्यवहाराविरुद्ध आणि अनिर्बंध बांधकामाविरुद्ध येथे जे जनआंदोलन उभे राहिले ते ‘हरित वसई’ या नावाने महाराष्ट्राला परिचित आहे. त्याचे नेतृत्व करणाऱ्यांमध्ये ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे प्रमुख होते. पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. आज किनाऱ्याकडे जी हिरवी पट्टी दिसते तिच्यामागे त्या काळी रस्त्यावर उतरलेल्या सामान्य शेतकरी स्त्री-पुरुषांचे श्रेय आहे.

या साऱ्या साखळीचे फळ हातात घेऊन पाहायचे असेल, तर आगाशी परिसरातील सुकेळी पाहावीत. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवतात. रात्री आणि ढगाळ हवेत ती आत घ्यावी लागतात, उलटावी लागतात, मुंग्या-माश्यांपासून जपावी लागतात. हळूहळू केळे आक्रसते, मधासारखा रंग धरते आणि साखरेचा कणही न घालता गोड होते. मग वाळलेल्या केळीच्या पानात त्याची पुडी बांधतात. ज्या काळात शीतगृहे नव्हती त्या काळात नाशवंत मालाला टिकाऊ करण्याची ही युक्ती होती आणि मूल्यवर्धनाचा याहून सुबोध धडा वाणिज्याच्या पुस्तकात सापडणार नाही. परंतु केळीला पाणी भरपूर लागते आणि खारे पाणी तिला मुळीच सोसत नाही. विहीर मचूळ झाली की आधी पानवेल आणि केळ जाते, मग सुकेळी जातात, आणि शेवटी वाडी विकली जाते. सुकेळी महाग का, असे विचारणाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवावा.

आता परिस्थिती बदलली आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. सूर्या प्रकल्पाच्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारसाठी दररोज १८५ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद आहे. १२ लाखांहून अधिक लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच नोंदलेल्या या शहराला त्याची नितांत गरज होती. परंतु नळाचे पाणी तहान भागवते. जमिनीखालून सरकणारा समुद्र ते अडवीत नाही. ते काम भरलेल्या विहिरीचे आणि बावखलाचेच आहे. किंबहुना नळ आला की बावखल निरुपयोगी वाटू लागते, घरातील तरुण पिढीला ते डासांचे आगर दिसते आणि मग एके दिवशी भरावाचा डंपर दारात उभा राहतो.

व्यापारी कुटुंबांचा या प्रश्नाशी थेट संबंध येतो तो येथेच. दर्शनाला आलेल्या मंडळींना जागा आवडते. ‘येथे एखादा बंगला असावा, सुटीत मुले येतील’ असा विचार मनात येतो आणि त्यात गैर काही नाही. भूखंड दाखविणारा मध्यस्थ झाडे, वारा आणि समुद्राचे अंतर सांगतो. आपल्या पायाखालची जमीन पूर्वी काय होती, हे तो सांगेलच असे नाही. सावध खरेदीदार सातबारा, फेरफार आणि शोध अहवाल पाहतोच. त्याच्या जोडीला त्याने गावाचा जुना नकाशा पाहावा, सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा पाहावा आणि शेजारच्या वाडीतील वृद्धाला एकच प्रश्न विचारावा, “काका, इथे बावखल होते का?” उत्तर होकारार्थी आले, तर तो भूखंड कितीही स्वस्त असला तरी महागच आहे. पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत तेथेच येणार आणि उन्हाळ्यात विहीर खारट लागणार. जेथे बावखल अजून जिवंत असेल, तेथे ते राखूनच घर बांधावे. कूपनलिका खोल नेण्याचा मोह टाळावा, कारण किनाऱ्यावर खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या जवळ जाणे होय. छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे आणि अंगणात फरशी घालण्याऐवजी माती उघडी ठेवावी. ज्या शांततेसाठी घर घेतले, तिच्या मुद्दलात एवढी भर टाकणे हे नव्या रहिवाशाचे देणेच आहे.

घर घ्यायचे नसेल त्यांनीही दर्शनानंतर दोन तास अधिक काढावेत. आगाशीहून राजोडी, नंदाखाल किंवा निर्मळच्या दिशेने वाड्यांमधील अरुंद रस्त्यांनी सावकाश जावे. पावसाळा संपल्यावर, आश्विन-कार्तिकात, बावखले भरलेली असतात आणि हवा सुखाची असते. वाड्या खासगी असतात. विचारून आत गेल्यास लोक आपुलकीने माहिती देतात. गाडीतील संगीताचा आवाज कमी ठेवावा आणि कचरा परत न्यावा, हे सांगण्याची वास्तविक गरज पडू नये. भाजी, केळी, सुकेळी जे घ्यायचे ते वाडीवाल्याकडून घ्यावे आणि घासाघीस थोडी कमी करावी. दलालाच्या हातून जमिनीला जो भाव येतो, त्याच्यापुढे केळीच्या घडाचा भाव नेहमीच तोकडा पडतो. तरीही एखादा शेतकरी वाडी राखतो, ती अशा गिऱ्हाइकांच्या भरवशावर.

मुलांना बावखल अवश्य दाखवावे. त्यांना हिशोबाचे पहिले सूत्र शिकवायला त्याहून चांगली जागा नाही. पाऊस जमेच्या बाजूला, उपसा खर्चाच्या बाजूला आणि काठावर एखादा खंड्या बसलेला असला, तर शिल्लक अजून बरी आहे असे समजावे.