इशारा कोणासाठी?

हिमालयात हिमकडा कोसळून माणसे गाडली गेल्याचे वृत्त आले, की आपण हळहळतो, निसर्गाच्या कोपापुढे कोणाचा इलाज नाही असे म्हणतो आणि वर्तमानपत्राचे पान उलटतो. ही समजूत आम्हांस मान्य नाही. निसर्गाच्या माथी सारा दोष मारला, की माणसाला जाब विचारण्याचे कारणच उरत नाही.

वस्तुतः हिमस्खलन हा आंधळा दैवयोग नव्हे. डोंगराच्या उतारावर बर्फ थराथरांनी साचतो. खालचा एखादा थर ठिसूळ राहिला आणि त्यावर नव्या हिमवर्षावाचा किंवा वाऱ्याने लोटून आणलेल्या बर्फाचा भार पडला, की वरचा थर फळीसारखा सुटतो. बहुतेक घातक कडे ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात, आणि हौशी प्रवाशांच्या बाबतीत पुष्कळदा त्यांच्याच पावलांचा भार त्यास निमित्त होतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या पाव तासात बाहेर काढल्यास बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा क्षीण होते. इतक्या अवधीत मदत येणार ती सोबत्यांचीच. म्हणून संकेतयंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ हवे. तथापि ही सारी अपघातानंतरची साधने होत. खरी सुरक्षितता धोक्याच्या दिवशी त्या उताराच्या वाटेस न जाण्यात आहे.

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ कामगार त्याखाली सापडले. जवानांनी पराकाष्ठा करून ४६ जणांस वाचविले, आठ दगावले. चंदीगढच्या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्याच सायंकाळी चमोलीसह उत्तराखंडच्या उंच प्रदेशासाठी चोवीस तासांचा इशारा दिला होता. शास्त्रज्ञांनी आपले काम केले. छावणी मात्र होती तेथेच राहिली. ज्या इशाऱ्याने एकही माणूस जागचा हलत नाही, त्याला इशारा म्हणावयाचे की केवळ नोंद?

हा प्रश्न इतरांपुढेही आला होता. १ फेब्रुवारी २००३ रोजी कॅनडातील रॉजर्स पासजवळ शाळेच्या सहलीतील सात विद्यार्थी हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. धोक्याची सूचना तेथेही जाहीर झालेली होती. परंतु त्या देशाने केवळ शोक केला नाही. तेथील राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थेने २००४ साली डोंगरवाटांची साधी, कठीण व अतिकठीण अशी प्रतवारी केली. अल्पवयीन मुलांच्या सहलींना अतिकठीण वाटा बंद झाल्या आणि कठीण वाटांवर प्रमाणित मार्गदर्शक सक्तीचा ठरला. सूचनेच्या जोडीला नियम आला आणि नियम पाळण्याची जबाबदारी कोणाची, हेही ठरले.

आमच्या मते आपल्याकडे उणीव आहे ती नेमकी येथे. इशारा निघताच छावणी खाली करण्याचा व वाट बंद करण्याचा अधिकार एका निश्चित अधिकाऱ्याकडे असावा, आणि तो न वापरल्यास त्याला जाब द्यावा लागावा. रस्ता खुला होण्यास दोन दिवस विलंब झाला म्हणून आकाश कोसळत नाही. मजुराला मात्र छावणी कोठे असावी हे ठरविण्याचा अधिकार नसतो. म्हणूनच त्याच्या जिवाची जबाबदारी सर्वस्वी ठरविणाऱ्यावर येते.

मुंबई-पुण्याहून हौसेने हिमालयात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना निवड करता येते. आजचा इशारा काय आहे, वाट किती उताराखालून जाते आणि कोणत्या परिस्थितीत परत फिरावयाचे, हे तीन प्रश्न त्यांनी निघण्यापूर्वीच आपल्या नेत्यास विचारावेत. पैसे भरले आहेत, रजा संपत आली आहे, शिखर समोर दिसते आहे, ही कारणे बर्फाला कळत नाहीत. परत फिरलेल्या तुकडीची बातमी होत नाही. पण ती तुकडी घरी पोचते.